नामसाधर्म्य आणि ग्रंथकर्तृत्वाचा निर्णय : वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात

प्रास्ताविक

ग्रंथाच्या मुखपृष्ठावर छापलेले किंवा हस्तलिखिताच्या अखेरीस लिहिलेले नाव हा ग्रंथकर्तृत्वाचा पहिला पुरावा होय. परंतु तो पुरेसा पुरावा असतोच असे नाही. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना याचा अनुभव नवा नाही. नामदेवांच्या नावावरील रचनेत विष्णुदास नामा या उत्तरकालीन कवीची रचना मिसळली आणि ती वेगळी काढण्याचे काम संपादकांना करावे लागले. याउलट, 'ज्ञानेश्वरी' लिहिणारे ज्ञानेश्वर आणि अभंगकार ज्ञानेश्वर या दोन भिन्न व्यक्ती होत, असा पक्ष एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावाने मांडला, तेव्हा एका व्यक्तीच्या दोन व्यक्ती कल्पिल्या जात आहेत असा आक्षेप घेतला गेला. नामसाधर्म्यातून संभवणारे दोन परस्परविरोधी दोष या दोन उदाहरणांत दिसतात. अनेकांना एक मानणे हा पहिला, तर एकाला अनेक मानणे हा दुसरा.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी वाशिम जिल्ह्यासारखे दुसरे क्षेत्र विरळाच सापडेल. १९९८ मध्ये अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशिम, ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. याच जिल्ह्यातील कारंजा येथे सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन दिगंबर जैन परंपरांची मंदिरे असून तेथील ग्रंथभांडारांनी अपभ्रंश साहित्याचा मोठा ठेवा जतन केला. या दोन स्थळांशी निगडित असलेली सर्वसेन, देवसेन, हरिषेण, जिनसेन आणि पुष्पदंत ही नावे भारतीय वाङ्मयेतिहासात एकाहून अधिक वेळा येतात. या ग्रंथकारांची ओळख कोणत्या आधारांवर ठरली आणि त्यांपैकी कोणते आधार टिकाऊ ठरले, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

नामसाम्यातून सिद्ध झालेली एकता : सर्वसेन

'हरिविजय' हे प्राकृत महाकाव्य आज उपलब्ध नाही. आनंदवर्धन, भोज, हेमचंद्र इत्यादी साहित्यशास्त्रकारांच्या उल्लेखांतून आणि अवतरणांतूनच ते ज्ञात आहे. त्याचा कर्ता सर्वसेन हे नाव अभ्यासकांना परिचित होते. परंतु हा सर्वसेन कोण, हे सांगण्यास साधन नव्हते. १९३९ मध्ये वाशिम येथे विंध्यशक्ती (द्वितीय) याचा ताम्रपट उजेडात आला. वत्सगुल्म येथून राज्यवर्ष ३७ मध्ये दिलेल्या या दानपत्रात विंध्यशक्तीचा पिता म्हणून सर्वसेनाचे नाव आहे. त्यामुळे वाकाटकांची वत्सगुल्म शाखा स्वतंत्रपणे प्रकाशात आली आणि अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेखात आलेल्या वंशावळीचाही नव्याने विचार होऊ शकला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हा राजा सर्वसेन हाच 'हरिविजय'चा कर्ता होय, असे प्रतिपादन केले.

हे प्रतिपादन केवळ नामसाम्यावर उभे असते तर त्याला अनुमानापलीकडे किंमत उरली नसती. परंतु दंडीच्या परंपरेत 'हरिविजय'कार सर्वसेनाचा निर्देश राजा म्हणून येतो. शिवाय वाशिम ताम्रपटाचा बराचसा भाग प्राकृतात आहे. म्हणजे त्या राजकुलाच्या व्यवहारात प्राकृताला स्थान होते. नाव, पद आणि भाषा असे तीन परस्परस्वतंत्र धागे येथे एका बिंदूवर मिळतात. नंदिवर्धन शाखेच्या प्रवरसेन (द्वितीय) याला 'सेतुबंध' या प्राकृत काव्याचे कर्तृत्व देताना, काश्मीरच्या त्याच नावाच्या राजाचा पर्याय समोर असूनही, अभ्यासकांना याच प्रकारची तुलना करावी लागली. नामसाम्य हा येथे शोधाचा आरंभ आहे. निर्णय इतर पुराव्यांनी केला आहे.

एक नाव, अनेक व्यक्ती : हरिषेण

याच वत्सगुल्म शाखेत पुढे देवसेन आणि त्याचा पुत्र हरिषेण हे राजे झाले. वाशिमजवळच्या हिस्से-बोराळा येथील लेखात देवसेनाच्या कारकिर्दीचा शक ३८०, म्हणजे इ. स. ४५८, हा निश्चित काळ मिळतो. हरिषेणाच्या काळात अजिंठ्याच्या लेण्यांना मोठी चालना मिळाली. हा हरिषेण ग्रंथकार नव्हे. परंतु वाङ्मयेतिहासात त्याच नावाचे किमान तीन लेखक भेटतात.

पहिला समुद्रगुप्ताच्या प्रयाग प्रशस्तीचा रचनाकार. तो वाकाटक हरिषेणाच्या सुमारे शतकभर आधीचा. त्याने स्वतःला महादंडनायक ध्रुवभूतीचा पुत्र म्हटले असून आपली सांधिविग्रहिक, कुमारामात्य आणि महादंडनायक ही पदे नोंदविली आहेत. दुसरा 'बृहत्कथाकोश' या १५७ कथांच्या संस्कृत ग्रंथाचा कर्ता. हा पुन्नाट संघाचा मुनी असून त्याने वर्धमानपूर येथे शक ८५३, म्हणजे इ. स. ९३१-३२ मध्ये ग्रंथ पूर्ण केला. तिसरा 'धम्मपरिक्खा' या अपभ्रंश काव्याचा कर्ता. हा चितोडकडील धक्कड कुळातील गृहस्थ. पित्याचे नाव गोवर्धन, मातेचे गुणवती. काही कामानिमित्त तो अचलपूर येथे आला आणि तेथे विक्रम संवत १०४४, म्हणजे इ. स. ९८८ च्या सुमारास त्याने ही रचना केली. हे अचलपूर म्हणजे विदर्भातील अचलपूर असे अनेक अभ्यासकांनी मानले आहे.

शेवटच्या दोघांमधील अंतर अवघे ५६ वर्षांचे आहे. दोघेही दिगंबर जैन, दोघेही कथात्मक ग्रंथांचे कर्ते. नाव, संप्रदाय आणि शतक या तीन गोष्टी पाहून त्यांना एक ठरविणे अवघड नव्हते. ही चूक टाळता येते ती ग्रंथांच्या शेवटच्या प्रशस्तींमुळे. एक मुनी आहे व आपली गुरुपरंपरा सांगतो. दुसरा गृहस्थ आहे व मातापित्यांची, कुळाची ओळख देतो. 'बृहत्कथाकोश'कर्त्याच्या गुरुपरंपरेत तर त्याच्या गुरूचा, भरतसेनाचा, गुरूदेखील हरिषेण नावाचाच आहे. म्हणजे एकाच परंपरेत एका पिढीच्या अंतराने तेच नाव पुन्हा आले. त्या परंपरेतील ग्रंथकाराला आपली साखळी क्रमाने सांगणे का आवश्यक वाटले, याचे उत्तर यात मिळते.

स्थळनामाचाही आधार निर्विवाद नसतो. वर्धमानपूर म्हणजे सौराष्ट्रातील वढवाण असे आ. ने. उपाध्ये यांनी मानले, तर हिरालाल जैन यांनी ते माळव्यातील बदनावर असल्याचा पक्ष मांडला. माणसांप्रमाणे गावांचीही नावे सारखी असतात, हे यावरून ध्यानात घेतले पाहिजे.

नामसाधर्म्याची कारणे

ही पुनरावृत्ती केवळ योगायोगाने घडलेली नाही. मुनिदीक्षेबरोबर नवे नाव धारण करण्याची प्रथा होती आणि त्या नावाचे उत्तरपद बहुधा गणाच्या प्रघाताप्रमाणे ठरत असे. सेनगणात 'सेन', तर बलात्कारगणात 'कीर्ती', 'चंद्र', 'भूषण' ही उत्तरपदे वारंवार आढळतात. पूर्वपदांची संख्या मर्यादित. शिवाय पूर्वाचार्यांचे नाव धारण करणे आदराचे लक्षण. परिणामी कारंजा येथील बलात्कारगणाच्या भट्टारकपरंपरेत धर्मचंद्र, देवेंद्रकीर्ती, धर्मभूषण ही नावे पुनःपुन्हा आली. एखाद्या मूर्तिलेखात केवळ 'देवेंद्रकीर्ती' असे वाचून भागत नाही. त्याच्या आधी कोण, नंतर कोण आणि संवत कोणता हे पाहावेच लागते. विद्याधर जोहरापूरकर यांनी 'भट्टारक संप्रदाय' (१९५८) या ग्रंथात गण आणि शाखा यांनुसार लेखांची मांडणी केली, तिचे महत्त्व यातच आहे. त्यांनी नावाला परंपरेतील स्थान दिले आणि त्यामुळे ते नाव इतिहासाचे साधन झाले.

विषयभेद आणि विषयसाम्य

ग्रंथांचे विषय भिन्न असतील तर लेखकही भिन्न असावेत आणि विषय समान असतील तर लेखक एक असावा, असा समज सर्वत्र आढळतो. जिनसेन आणि पुष्पदंत यांची उदाहरणे या समजाच्या दोन्ही बाजू खोट्या ठरवितात.

'हरिवंशपुराण' आणि 'आदिपुराण' हे दोन्ही संस्कृत पुराणग्रंथ, दोहोंच्या कर्त्यांचे नाव जिनसेन, काळही जवळचा. पहिला ग्रंथ शक ७०५ (इ. स. ७८३) मधील. दुसऱ्या जिनसेनाने आपले गुरू वीरसेन यांची अपूर्ण राहिलेली 'जयधवला' टीका शक ७५९ (इ. स. ८३७) मध्ये पुरी केली. विषय, भाषा, नाव आणि कालखंड असे चारही घटक एकतेकडे बोट दाखवितात. तरीही या दोन व्यक्ती आहेत. पहिला पुन्नाट संघाचा व कीर्तिषेणाचा शिष्य, दुसरा वीरसेनाचा शिष्य. एवढेच नव्हे, तर 'हरिवंशपुराण'कर्त्याने ग्रंथारंभी पूर्वसूरींना वंदन करताना 'पार्श्वाभ्युदय'कार जिनसेनाचाही गौरव केला आहे. आपल्याच नावाच्या समकालीन कवीचा हा आदरपूर्वक निर्देश म्हणजे दोघांच्या भिन्नतेचा निर्णायक पुरावा होय. दुसरीकडे, 'मेघदूता'च्या चरणांची समस्यापूर्ती करणारे 'पार्श्वाभ्युदय', कर्मसिद्धांतावरील 'जयधवला' आणि 'आदिपुराण' हे तीन अत्यंत भिन्न प्रकृतीचे ग्रंथ मात्र एकाच जिनसेनाच्या हातचे आहेत.

पुष्पदंत हे नाव तर तीन वेगवेगळ्या ज्ञानक्षेत्रांत वावरते. 'षट्खंडागम' या सिद्धांतग्रंथाच्या आरंभीची १७७ सूत्रे धरसेनाचार्यांचे शिष्य पुष्पदंत यांची मानली जातात. पुढील रचना भूतबलींची. अपभ्रंश महाकवी पुष्पदंत दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेट नगरीत होता. त्याने मंत्री भरताच्या आश्रयाने 'महापुराण' इ. स. ९६५ मध्ये पूर्ण केले आणि भरतपुत्र नन्नाच्या आश्रयाने 'णायकुमारचरिउ' व 'जसहरचरिउ' रचले. तिसरा पुष्पदंत 'शिवमहिम्नस्तोत्रा'चा परंपरागत कर्ता.

अपभ्रंश कवी पुष्पदंत हा केशवभट्ट आणि मुग्धादेवी या ब्राह्मण दांपत्याचा पुत्र असून हे घराणे पूर्वी शैव होते. 'महिम्ना'चा एक पाठ मांधाता येथील अमरेश्वर मंदिरात इ. स. १०६३ मध्ये कोरलेला आढळतो, म्हणजे स्तोत्राचा काळ त्यापूर्वीचा. जैन होण्यापूर्वी याच कवीने शिवस्तोत्र लिहिले असेल, ही कल्पना त्यामुळे मोहक वाटते. पण काळ जुळणे ही केवळ शक्यता आहे. अमरेश्वर येथील पाठात ३१ श्लोक असून प्रचलित पाठातील नंतरचे श्लोक त्यात नाहीत, आणि कर्त्याचे नाव पुष्पदंत असल्याचे सांगणारा श्लोक याच उत्तरभागात येतो. ज्या नावावर एकतेची इमारत उभारावयाची, तेच नाव मूळ रचनेचा भाग आहे की नाही हे संशयास्पद ठरते. पुराव्याचा पायाच डळमळीत असताना घराण्याचा पूर्वेतिहास त्याला आधार देऊ शकत नाही.

'सावयधम्मदोहा' : एका निर्णयाची परीक्षा

कारंजा भांडारांचे महत्त्व जाणून तेथील अपभ्रंश ग्रंथ प्रसिद्ध करण्यासाठी कारंजा जैन ग्रंथमाला सुरू झाली. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले 'जसहरचरिउ' १९३१ मध्ये, तर हिरालाल जैन यांनी संपादिलेले 'सावयधम्मदोहा' १९३२ मध्ये, 'णायकुमारचरिउ' व 'पाहुडदोहा' १९३३ मध्ये आणि 'करकंडचरिउ' १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. हिरालाल जैन त्या वेळी अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. अध्यापनाचे काम सांभाळून एवढे संपादन सिद्ध करणाऱ्या या विद्वानाचे ऋण अपभ्रंशाच्या अभ्यासकांवर कायम राहील. त्यांच्या एका निर्णयाची चिकित्सा मात्र येथे आवश्यक आहे.

'सावयधम्मदोहा' हा श्रावकाचारावरील दोहाग्रंथ. हस्तलिखितांच्या साक्षीत एकवाक्यता नाही. योगींद्र, लक्ष्मीचंद्र आणि देवसेन ही तीन नावे पुढे येतात. हिरालाल जैन यांनी देवसेनाच्या बाजूने कौल दिला. 'भावसंग्रह' या देवसेनकृत प्राकृत ग्रंथाशी असलेले आशयसाम्य हा त्यांच्या युक्तिवादाचा महत्त्वाचा आधार होय. 'भावसंग्रह'कार देवसेन हाच 'दर्शनसार'कार देवसेन असे धरल्यास, 'दर्शनसारा'ची रचना धारा येथे संवत ९९० (इ. स. ९३३) मध्ये झालेली असल्यामुळे, 'सावयधम्मदोहा'चा काळही दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात येतो. उपलब्ध दोहावाङ्मयाच्या कालक्रमात या निर्णयाचे वजन मोठे आहे.

या साखळीत दोन दुवे आहेत आणि दोन्ही नावावर टांगलेले आहेत. पहिल्या दुव्याबाबत असे म्हणता येईल की, श्रावकाचाराच्या ग्रंथांत बारा व्रते, मूलगुण, दान, पूजा हे विषय परंपरेने निश्चित झालेले असतात. अशा वाङ्मयातील आशयसाम्य हे एका लेखकाचे लक्षण ठरण्याऐवजी एका शास्त्राचे लक्षण ठरते. दुसरा दुवाही निःशंक नाही. 'भावसंग्रह'कार स्वतःला विमलसेनाचा शिष्य म्हणवितो. आणि 'सुलोयणाचरिउ' या अपभ्रंश काव्याचा कर्ता देवसेनही विमलसेनाचाच शिष्य आहे. त्यामुळे 'भावसंग्रहा'चे नाते 'दर्शनसारा'शी जोडावे की 'सुलोयणाचरिउ'शी, असा प्रश्न उभा राहतो. हा दुवा सैल झाला की 'सावयधम्मदोहा'ला मिळालेला इ. स. ९३३ चा आधारही निसटतो.

येथे गुरुनामाच्या कसोटीचीही मर्यादा उघड होते. गुरू आणि शिष्य या दोहोंची नावे जुळली तरी त्या जोड्या एकच असतील असे नाही. अशा प्रसंगी ग्रंथाचे कर्तृत्व अनिर्णीत ठेवणे आणि त्याचा काळ भाषिक पुराव्यावरून स्वतंत्रपणे ठरविणे हाच अधिक सुरक्षित मार्ग होय. हिरालाल जैन यांनी हस्तलिखितांतील मतभेद लपविला नाही. पर्यायी नावे वाचकांसमोर ठेवली. म्हणूनच त्यांच्या निर्णयाची फेरतपासणी करणे शक्य झाले. दोष निर्णयाचा असेल, पद्धतीचा नव्हे. पुढील सूचीकारांनी चर्चा वगळून केवळ 'देवसेन' हे नाव उचलले, तर मात्र अनुमानाला सिद्धांताचे रूप येते.

आधुनिक काळातील प्रत्यय : तीन हिरालाल

नामसाधर्म्याचा घोटाळा प्राचीन ग्रंथांपुरता आहे, असे मानण्याचे कारण नाही. ज्या विद्वानांनी कारंजा भांडारांतील ग्रंथ प्रकाशात आणले, त्यांच्याच बाबतीत तो संभवतो, हा या विषयातील सर्वांत बोलका भाग आहे.

मध्यप्रांत आणि वऱ्हाडातील संस्कृत व प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये नागपूर येथे प्रसिद्ध झाली. कारंज्याच्या हस्तलिखितांकडे विद्वानांचे लक्ष वेधणाऱ्या या सूचीचे कर्ते रायबहादूर हिरालाल (१८६७-१९३४). ते कटनीचे; शासकीय सेवेत होते. रसेल यांच्यासमवेत मध्यप्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथ (१९१६) आणि मध्यप्रांत-वऱ्हाडातील शिलालेखांची वर्णनात्मक सूची ही त्यांची प्रसिद्ध कामे. दुसरे प्रा. हिरालाल जैन, १९७३ मध्ये ते निवर्तले. कारंजा ग्रंथमालेतील उपरोक्त ग्रंथांबरोबरच 'जैन शिलालेख संग्रहा'चा पहिला भाग (१९२८) त्यांनी संपादिला. तिसरे पं. हिरालाल सिद्धांतशास्त्री. त्यांनी संपादिलेला 'वसुनंदि श्रावकाचार' १९५२ मध्ये भारतीय ज्ञानपीठाने प्रसिद्ध केला. त्यावरही संपादकाचे नाव हिरालाल जैन असेच आहे.

पहिल्या दोघांनी शिलालेखांवर आणि कारंजा भांडारांवर काम केले, तर दुसऱ्या व तिसऱ्यांनी श्रावकाचाराचे ग्रंथ संपादिले. म्हणजे विषयावरून निवाडा करणारा सूचीकार तिघांना एक ठरवील. १९३९ मध्ये अमरावती येथून प्रसिद्ध झालेल्या 'षट्खंडागमा'च्या पहिल्या भागात तर संपादक प्रा. हिरालाल जैन आणि सहसंपादकांत पं. हिरालाल सिद्धांतशास्त्री, अशी दोन्ही नावे एकाच मुखपृष्ठावर आहेत. या ग्रंथाचा आद्य सूत्रकार पुष्पदंत. आणि त्याच प्राध्यापकांनी सहा वर्षांपूर्वी संपादिलेल्या 'णायकुमारचरिउ'चा कर्ताही पुष्पदंत. पहिल्या ठिकाणी संपादक एक व ग्रंथकार दोन, दुसऱ्या ठिकाणी नाव एक व संपादक दोन. केवळ नावानुसार लावलेल्या ग्रंथसूचीत या चौघांचे दोघे होतील.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, नामसाम्य हे एकतेचे प्रमाण नसून चौकशीचे निमित्त होय. दुसरी, विषयभेदाने लेखकभेद सिद्ध होत नाही आणि विषयसाम्याने लेखकैक्यही सिद्ध होत नाही. तिसरी, गुरुपरंपरा, आश्रयदाता, स्थळ, संवत आणि कुळ यांपैकी किमान दोन स्वतंत्र पुरावे जुळेपर्यंत निर्णय तात्पुरता मानावा. चौथी, जेथे पुरावा थांबतो तेथे कर्तृत्व अनिर्णीत ठेवणे हेही संशोधनाचे फलित होय.

मध्ययुगीन ग्रंथकाराला आपल्या नावाची अपूर्णता ठाऊक होती. म्हणूनच तो प्रशस्तीत गुरू, माता-पिता, गाव आणि वर्ष नोंदवीत असे. आधुनिक मुखपृष्ठावरून ही ओळख नाहीशी झाली. नाव आणि आडनाव एवढेच उरले, आणि संशोधनपत्रिकांत तर पुष्कळदा आद्याक्षर व आडनाव. आज अध्यापकांच्या लेखनाची गणना पदोन्नतीपासून संशोधन-मार्गदर्शनापर्यंत अनेक निर्णयांसाठी होते. अशा वेळी एकाचे श्रम दुसऱ्याच्या नावावर जमा होणे हा केवळ सूचीतील दोष राहत नाही. तो अन्याय ठरतो. लेखकाच्या नावापुढे जन्म-मृत्युवर्ष जोडण्याची ग्रंथालयशास्त्रातील पद्धत आणि संशोधकांना अलीकडे दिले जाणारे ओळखक्रमांक हे त्या जुन्या प्रशस्तीचेच नवे अवतार होत. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी नोंदपत्रात आणि अध्यापकांनी आपल्या लेखाखाली पूर्ण नाव, संस्था, गाव व वर्ष यांची नोंद काटेकोरपणे केली, तर कारंज्याच्या हस्तलिखितांनी शेकडो वर्षे पाळलेला नियम पुढे चालू राहील.